रिंगटोनवरून मत ओळखणाऱ्यांनो, जरा थांबा

आपल्या हिंगोली जिल्ह्यात सध्या ज्योतिषी लई झालेत. पत्रिका बघणारे नव्हे, फोन ऐकणारे. चहाच्या टपरीवर, मोंढ्यात, तहसीलच्या आवारात कुठंही उभे राहा. एखाद्याचा फोन वाजला की रिंगटोन ऐकून हे पठ्ठे सांगतात, "हा अमक्याचा मतदार." गाडीच्या मागं काय लिहिलंय, उपवास कोणत्या वारी धरतो, डीपीला कुणाचा फोटो आहे, एवढ्यावर माणसाचा पक्ष, त्याचं आरक्षणावरचं मत, पोरीच्या शिक्षणावरचं मत, सगळं सांगून मोकळे. आणि वर, "बघा, निघतंय की नाही बरोबर!"

टपरीवरच्या गप्पा टपरीवर राहिल्या असत्या तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. पण हाच धंदा आता टॅब घेऊन दारात येतोय, मोबाईलच्या ॲपमधून कर्ज देतोय नि नाकारतोय, आणि निवडणूक झाली की कोणत्या वस्तीचा रस्ता आधी करायचा नि कोणत्या वस्तीचा लटकवायचा हे ठरवतोय. म्हणून स्पष्टच लिहितो. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मी गणित शिकवतो. त्यामुळं आधी एक गोष्ट मान्य करून टाकू: यात तथ्य आहे. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या सवयी आणि मतं खरंच जोडीनं चालतात. २०१३ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी ५८ हजारांहून जास्त लोकांचे फेसबुकवरचे लाईक तपासले. ते सगळे अमेरिकेतले. एक डेमोक्रॅट नि एक रिपब्लिकन अशी जोडी समोर ठेवली, तर नुसत्या लाईकवरून कोण कोणता हे शंभरातल्या ८५ वेळा बरोबर सांगता आलं. गंमत म्हणजे, माणूस हुशार असल्याची एक खूण काय निघाली, तर 'कर्ली फ्राईज'ला लाईक! म्हणजे बटाट्याच्या कुरळ्या तळलेल्या पट्ट्या. आता बटाटा खाऊन कुणी हुशार होत असेल तर आपल्या वसतिगृहातली सगळी पोरं कलेक्टर झाली असती.

मग असं होतं कसं?

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या तीन समाजशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेतला. तिकडं म्हणतात की उदारमतवादी लोक दुधाळ लाटे कॉफी पितात. आता कॉफीचा नि राजकारणाचा काय संबंध? त्यांचं उत्तर साधं होतं. माणूस आपल्यासारख्याच माणसांत बसतो-उठतो, आणि ज्यांच्यात बसतो त्यांच्यासारखा होत जातो. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. सुरुवातीचा बारीकसा फरक असा फिरत फिरत मोठा होतो, आणि शेवटी वाटतं की कॉफीतच राजकारण घोळलंय.

हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. वसमतकडं या. एका शिवारात सगळ्यांनी सेलम हळद लावलेली असते. काहून? तर धुऱ्यापलीकडच्यानं लावली, त्याला उतारा बरा आला, म्हणून यानं बेणं त्याच्याकडूनच आणलं. तेच दोघं सप्त्याला एकाच कीर्तनकाराला बोलावतात, आणि सभेलाही एकाच पिकअपमध्ये जातात. उद्या कुणी टक्केवारी काढून दाखवली की सेलम लावणारे अमक्या पक्षाचे, तर ती टक्केवारी कदाचित खरीही निघेल. पण हळदीच्या बेण्याला पक्ष नसतो, राव! दोन्हींच्या मागं तिसरी गोष्ट असते: शेजार.

आणि आपल्याकडं हा शेजार कशावरून ठरतो? इथं जरा खरं बोलू या. आपल्या गावात कोण कुणाच्या शेजारी राहतो हे जातीवरून ठरलं. कुणाची जमीन पाण्याखाली येते नि कुणाची बरड माळावर, यातही जात आलीच. तांडा कुठं, वाडा कुठं, वस्ती कुठं, हे तुम्हाला मला माहीत आहे. भीमगीताची रिंगटोन, शिवगीताची रिंगटोन, अभंगाची, कव्वालीची. ती ऐकून तुम्ही "मत" ओळखलं असं म्हणता, तेव्हा तुम्ही मत ओळखलेलंच नसतं. तुम्ही आधी जात ओळखलेली असते आणि जातीवरून मत गृहीत धरलेलं असतं. तोंडावर जात विचारायची आता थोडी तरी लाज वाटते. म्हणून ही मागच्या दाराची वाट. जात न विचारता जात विचारायची पद्धत.

केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. त्यावर केवढा गदारोळ झाला. पण एक फरक लक्षात घ्या. जनगणनेला येणारा माणूस समोरून उघड विचारतो आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानं तुमची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. ती नोंद कोर्टातसुद्धा तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. याउलट तुमची रिंगटोन, तुमचे लाईक, तुमचे व्हॉट्सॲप ग्रुप यांवरून जो कुणी तुमची जात नि मत ताडतोय, तो ना विचारतो ना सांगतो. उघड मोजण्याला आपला विरोध आणि चोरून मोजण्याला मात्र "टेक्नॉलॉजी" म्हणून टाळ्या. वा रे वा!

आता पैशाकडं येतो, कारण तिथं खरा चटका बसतो.

२०२० मध्ये जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच लाखांहून जास्त ऑर्डरी तपासल्या. माल आधी, पैसे नंतर अशा. पैसे बुडवणाऱ्यांच्या सवयी कोणत्या निघाल्या? जे आपलं नाव-पत्ता सगळं 'स्मॉल' अक्षरांत टाइप करतात, त्यांच्यात बुडवण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. मध्यरात्रीनंतर ऑर्डर देणारे दुपारी देणाऱ्यांपेक्षा जास्त बुडवतात. अँड्रॉइडवाले आयफोनवाल्यांपेक्षा जास्त. तिथं हे खरं असेल. मी शंका घेत नाही.

पण हाच ठोकताळा उचलून कळमनुरी नाहीतर सेनगाव तालुक्यात लावा बरं. इथं रात्री दोन वाजता कोण जागं असतं? कास्तकार. शेतीची थ्री फेज लाईट चक्राकार येते. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीत तो बॅटरी घेऊन आखाड्यावर बसलेला असतो, साप-विंचवाच्या भीतीनं पाय वर घेऊन, आणि झोप लागू नये म्हणून मोबाईल बघत. जर्मनीत रात्रीचा जागा माणूस बेभरवशाचा ठरत असेल. हिंगोलीत रात्री जागा असणारा माणूस कष्टाळू असतो आणि त्याला जागं महावितरणनं ठेवलेलं असतं.

आणि ते 'स्मॉल-कॅपिटल'? आपल्या देवनागरीत मोठं नि लहान अक्षर हा प्रकारच नाही! ज्याची अख्खी जिंदगी मराठी लिहिण्यात गेली, त्यानं इंग्रजीत नाव लिहिताना पहिलं अक्षर मोठं केलं नाही, तर तो कर्जबुडवा? आमच्या तांड्यांवरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने फोन पार साखर कारखान्याच्या पट्ट्यात असतो. मशीनला दिसणार की हा माणूस पत्त्यावर राहत नाही. एका घरात एकच फोन. दिवसा लेकराच्या अभ्यासाला, संध्याकाळी बायकोच्या बचत गटाला, रात्री याच्या हातात. मशीनला वाटणार, हा माणूस आहे तरी कोण?

सवय एकच, पण गाव बदललं की तिचा अर्थ बदलतो. सगळ्या वादाची मेख इथं आहे. आकडा खोटा नसतो. तो ज्या गावचा असतो त्या गावापुरता खरा असतो. परगावचा आकडा आणून आपल्या माणसाच्या कपाळाला चिकटवायचा, हे गणित नव्हे, ही आळशी माणसाची पळवाट आहे.

माझ्या ओळखीतल्या एका कास्तकाराला एका ॲपनं मागच्या हंगामात कर्ज नाकारलं. खताच्या तोंडावर. सात-बारा कोरा, जुनं पीककर्ज वेळेत फेडलेलं. कारण विचारलं तर पलीकडून उत्तर, "सिस्टीमनं रिजेक्ट केलंय." बस्स. सिस्टीमनं काय पाहिलं, ते त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. शेवटी खाजगी सावकाराकडून उचलले, शेकडा तीन रुपये महिन्यानं. मी काय म्हणतो, सावकार निदान तोंडावर सांगायचा, "तुझा भरवसा नाही." त्याच्याशी भांडता यायचं. सिस्टीमशी भांडायला कोणत्या खिडकीवर जायचं?

आता तिसरा मुद्दा, आणि हा राजकारण्यांसाठी.

१९५० साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३० च्या तिथल्या जनगणनेचे आकडे घेऊन एक मजेशीर गोष्ट दाखवली. ज्या राज्यांत परदेशातून आलेले लोक जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी. कुणीही म्हणेल, म्हणजे बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले. पण एकेक माणूस धरून बघितलं तर उलट! परदेशातून आलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती. ते लोक मुळात शिकलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. म्हणजे मुलखाबद्दलचा आकडा खरा, आणि तोच आकडा माणसाला लावला की साफ खोटा.

हळद विकणाऱ्याला हे लगेच कळेल. मोंढ्यात बीट होतं तेव्हा व्यापारी ढिगातली मूठभर हळद घेतो, हळकुंड मोडून रंग बघतो आणि ढिगाचा भाव बोलतो. मूठभरावरून ढिगाचा अंदाज, हे बरोबर. पण ढिगाचा भाव बघून त्यातलं एकेक हळकुंड आतून कसं आहे हे सांगणारा व्यापारी मी तरी बघितला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

निवडणूक झाली की फॉर्म २० मध्ये बूथनिहाय आकडे जाहीर होतात. अमक्या बूथवर साहेबांना ९० मतं, समोरच्याला ४१० मतं, असं समजा. लगेच ठरतं, "त्या वस्तीनं आपलं काम केलं नाही." झालं. पाच वर्षं तिथला नाला तसाच, पाइपलाइन तिथंच येऊन थांबलेली. ज्या ९० जणांनी मतं दिली तेही त्याच चिखलातून जातात की! ज्या लेकरांना मताचा अधिकारच नाही, तीही त्याच चिखलातून शाळेला जातात. बूथ म्हणजे एक माणूस नसतो हे पुढाऱ्याला कळत नाही असं नाही. त्याला ते कळून घ्यायचं नसतं.

याच्यावर इलाज आहे आणि तो कधीचा सुचवलेला आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय होती. मतदान यंत्रं आली आणि ती गेली. २००८ मध्ये निवडणूक आयोगानं 'टोटलायझर' वापरण्याचा प्रस्ताव दिला. म्हणजे अनेक केंद्रांची मतं एकत्र करून बेरीजच दाखवणारं उपकरण. २०१५ मध्ये विधी आयोगानंही आपल्या २५५ व्या अहवालात ते आणा असं सांगितलं. अजून आलेलं नाही. का आलं नाही, याचं उत्तर ज्या वस्तीचा नाला तुंबलाय तिनं द्यावं.

"पण सर, अंदाज बरोबर निघतात ना," असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच मतदारसंघाचा हिशेब मांडतो. २०१४ मध्ये देशभर लाट होती. त्या लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, त्यातली एक आपली हिंगोली. राजीव सातव १,६३२ मतांनी निवडून आले. पुढं २०२४. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. महायुतीला मराठवाड्यातल्या आठपैकी एकच जागा. हिंगोलीत ठाकरेंच्या सेनेचे नागेश पाटील आष्टीकर लाखाच्या वर मतांनी जिंकले, बाबूराव कदम कोहळीकर पडले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल. हिंगोली, कळमनुरी, वसमत, जिल्ह्यातल्या तिन्ही जागा महायुतीला. आणि लोकसभेला पडलेले कोहळीकर याच लोकसभा मतदारसंघातल्या हदगावातून आमदार!

मधे सहा महिनेसुद्धा पूर्ण झाले नव्हते. या काळात लोकांनी रिंगटोन बदलली का? उपवासाचा वार बदलला? जात बदलली? तीच माणसं, तोच चहा, तीच गाडी. बदललं ते त्यांचं मत. कारण मत ही विचार करून बदलता येणारी गोष्ट आहे. सवयीवरून मत ओळखता येतं असं म्हणणारा माणूस खरं तर एवढंच म्हणत असतो की हे लोक विचार करत नाहीत. हा अपमान आहे, मित्रांनो. तो आपण कौतुकानं ऐकून घेतो, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग सर्व्हे, जनगणना, सगळं बंद करायचं का? अजिबात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. २०१९-२१ च्या फेरीत त्यांनी विचारलं, नवऱ्यानं बायकोला मारणं कोणत्या कारणासाठी योग्य वाटतं? स्वयंपाक नीट केला नाही, न सांगता बाहेर गेली, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशी सात कारणं दिली. देशातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एक कारण तरी योग्य ठरवलं. हा आकडा समोर आलाच पाहिजे. त्यावरून कळतं की काम कुठं करायचंय, पोरींच्या शाळेत काय बोलायचंय. पण त्या सर्वेक्षणात तुमचं नाव कुणाला कळत नाही. आणि तो आकडा घेऊन कुणी शेजारणीकडं बोट दाखवून म्हणालं की हिचंही मत तेच असणार, तर तो मूर्खपणा. गर्दीचं गणित धोरणासाठी वापरा. ते एकट्या माणसावर चालवू नका. मागणी एवढीच आहे.

आता दारात येणाऱ्या पोरांबद्दल. टॅब घेऊन येतात ती पोरं आपलीच आहेत, रोजानं आलेली असतात, त्यांच्यावर डाफरू नका. पण आधी घरात टीव्हीवर काय बघता, मग गाडी कोणती, मग कोणत्या योजनेचे पैसे येतात, मग मत कुणाला आणि शेवटी हळूच मोबाईल नंबर, ही साखळी ओळखा. २ मे २०२४ रोजी, ऐन लोकसभा निवडणुकीत, निवडणूक आयोगाला राजकीय पक्षांना सांगावं लागलं होतं की सर्व्हेच्या नावाखाली मतदारांची योजनांसाठी नोंदणी करणं बंद करा. आणि केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण विसरू नका. फेसबुकनंच २०१८ मध्ये सांगितलं की भारतात ते ॲप ३३५ लोकांनी घेतलं होतं आणि त्यांच्या मित्रयादीतून मिळून ५,६२,४५५ लोकांची माहिती गेली असावी. ३३५ जणांच्या एका क्लिकमुळं साडेपाच लाख! म्हणजे तुम्ही दिलेली माहिती तुमच्या एकट्याची नसते.

तेव्हा सरळ सांगतो, काय करायचं.

एक. सर्व्हेवाला आला की विचारा, कोणत्या कंपनीचा, कुणासाठी, आणि माझं नाव नि मत एकत्र का लिहितोयस? उत्तर नसेल तर चहा पाजा आणि मोबाईल नंबर न देता पाठवा.

दोन. कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर, कॉलची यादी, फोटो बघायची परवानगी देऊ नका. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच या गोष्टींना हात लावायचा नाही असं बजावलंय. मागितली तर समजा, गडबड आहे.

तीन. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीत वाचायला मिळण्याची तरतूद आहे. त्याच्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. पण तेवढ्यावर भागणार नाही. कर्ज नाकारलं तर का नाकारलं, हे मराठीत लेखी मिळालंच पाहिजे, आणि त्यावर माणसाकडं दाद मागता आली पाहिजे, मशीनकडं नव्हे. आपल्या खासदार-आमदारांना पुढच्या भेटीत सत्कार-हार बाजूला ठेवून हे विचारा. टोटलायझरचंही विचारा. चेहरा बघण्यासारखा होईल.

चार. आणि हे आपल्यासाठी. कुणाचा फोन वाजला तर वाजू द्या. त्याला काय वाटतं हे जाणून घ्यायचं असेल तर समोर बसा आणि विचारा. कदाचित तो तुमच्या अंदाजाबाहेरचं काहीतरी बोलेल. जिल्ह्यातली ११ लाख ७७ हजार माणसं २०११ च्या जनगणनेत मोजली होती, आता त्याहून जास्त असतील. त्यांना पाच-सहा रिंगटोनच्या खोक्यांत भरायचं असेल तर भरा बापडे. पुढच्या निकालाच्या दिवशी खोकी पुन्हा फुटतील.

पटलं तर शेअर करा. पटलं नाही तर खाली कमेंटमध्ये भांडा. फक्त माझी डीपी बघून माझं मत ठरवू नका, वर सगळं लिहून दिलंय.